बाईंचा दोरा सुती होता

तास संपला की बाई वर्गाबाहेर यायच्या, व्हरांड्याच्या कठड्याशी थांबायच्या आणि हातातलं डस्टर कठड्यावर आपटायच्या. खडूची पांढरी धूळ उडायची. बाकीचे शिक्षक अशा वेळी तोंड फिरवून निघून जातात. बाई मात्र ती धूळ कुठं जाते ते बघत उभ्या राहायच्या. धूळ उसाच्या बाजूला गेली की मान हलवायच्या. रस्त्याच्या बाजूला गेली की कपाळाला आठी. मग जो कुणी समोर येईल त्याला सांगायच्या, "आज सरळ पश्चिमेचा आहे. चांगला आहे."

समोर बहुतेक वेळा मीच असायचो, कारण माझं ऑफिस त्याच व्हरांड्याच्या टोकाला होतं. मी मुख्याध्यापक. टेबलावरचे कागद उडू नयेत एवढाच माझा वाऱ्याशी संबंध. मी "हो का" म्हणायचो आणि आत जायचो.

बारामतीहून इंदापूरला जाताना शेळगावच्या पुढं रस्त्याकाठी आमची शाळा. तिथून इंदापूरपर्यंत तुम्ही आजही कुणाला विचारा. पतंगवाली बाई म्हटलं की तो सांगेल, "तीच ना, जिच्या मांज्यानं दूधवाल्याचा हात गेला?" हे खरं नाही. बाईंचा दोरा सुती होता. ज्या दोऱ्यानं हात कापला तो त्यांनी आणला नव्हता आणि कुणी त्यांना दाखवलाही नव्हता. तो कुणी आणवला ते मी इथं सांगणार आहे. पण त्याआधी बाई कशा होत्या ते सांगतो, कारण लोकांच्या लक्षात फक्त तो हात राहिला आहे.

बाई बारामतीच्या. वडिलांचं पतंगांचं दुकान, पुढं ते भावानं चालवलं. आमच्याकडं पतंग नागपंचमीला उडतात. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या गावांतल्या लोकांना याचं नवल वाटतं, पण आमचा वारा श्रावणातला. पोरी झोक्यावर आणि पोरं घराच्या धाब्यावर, अशी आमची नागपंचमी. बाईंचं लहानपण या दोन्हींच्या मधलं. त्या दुकानामागच्या खोलीत बसून कागदाला खळ लावायच्या. "नागपंचमीच्या आधी महिनाभर आमच्या घरी भाकरीलाही खळीचा वास यायचा," असं सांगायच्या. ईदेला शिरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन यायच्या आणि आमचे शिपाई किसनतात्या दुसरी वाटी मागताना म्हणायचे, "बाई, ह्याला मात्र खळीचा वास न्हाय हां."

त्या रोज एसटीनं यायच्या आणि खिडकीची जागा सोडायच्या नाहीत. एकदा मीही त्याच गाडीत होतो. भवानीनगर सुटलं, गाडीनं वेग घेतला आणि बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. तळवा आडवा धरला, मग पुढची कड जरा उचलली. हात आपोआप वर गेला. कड खाली केली, हात खाली. पुन्हा वर. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू हे पहिल्यांदाच घडतंय.

कंडक्टर ओरडला, "ओ बाई, हात आत घ्या! समोरनं ट्रॅक्टर येतोय."

"घेते. जरा थांबा, वर चाललाय."

"कोण वर चाललाय?"

"हात."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी त्या बाईंना ओळखत नाही असा चेहरा करून तिकीट शोधू लागलो.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी तोच हात काढला. विषय होता बल. पुस्तकात एक ठोकळा होता आणि त्याला बाण काढलेले होते. बाईंनी पुस्तक मिटलं आणि वर्ग मैदानावर नेला. पतंग वर गेल्यावर त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "कोण कोण ओढतंय, बोला."

"जमीन, खाली!" पोरं ओरडायची.

"आणि?"

"वारा, वर!"

"नुसतं वर?"

"मागं बी!"

"आणि?"

"आमी! दोऱ्यानं!"

"भांडण आहे की नाही हे? चौघांचं भांडण. ते बरोबरीत सुटलं की पतंग उभा राहतो."

एकदा दोरा एका मुलीच्या हातात होता. बाईंनी विचारलं, "तू सोडलंस तर काय होईल गं?"

"अजून वर जाईल."

"सोड बघू."

तिनं सोडला. पतंगानं मान टाकली, दोन गिरक्या घेतल्या आणि उसात जाऊन पडला. मुलगी रडवेली झाली. बाई खूश. "पडू दे. पडल्याशिवाय कळणार कसं? वारा होताच की. मग पडला का?"

मग बाईंनी उत्तर दिलं, ते मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकलं. तुम्ही दोरा धरून ठेवता म्हणून पतंग वाऱ्याला तिरका उभा राहतो. वारा त्याच्यावर येऊन आदळतो आणि खाली वळतो. वाऱ्याला खाली ढकलण्याच्या बदल्यात पतंग वर ढकलला जातो. दोरा सोडला की पतंग वाऱ्याबरोबरच वाहायला लागतो. "ओढ्यात पाण्याबरोबर आपणही वाहत निघालो, तर पाणी आपल्याला काय ढकलणार?" मग त्या शांतपणे म्हणाल्या, "धरणारा पाहिजे."

मी त्यांना ऑफिसात बोलावून म्हणालो, "बाई, अभ्यासक्रमाचं काय?"

"सर, हा अभ्यासक्रमच आहे. फक्त बाकावर बसत नाही."

मला राग आला होता, पण हसूही आलं. बाईंच्या बाबतीत असं नेहमी व्हायचं.

मांज्याला मात्र त्यांनी मैदानावर कधी येऊ दिलं नाही. काचेची पूड लावलेला मांजा कुणी आणला, तर त्या तो काढून घ्यायच्या, कात्रीनं त्याचे बोटभर तुकडे करायच्या आणि त्या पोराच्याच हातून खड्ड्यात पुरायच्या. त्यांचा दोरा साधा, सुती, गोधडी शिवायला वापरतात तसा. पोरं कुरकुरायची, "बाई, ह्यो लगेच तुटतोय."

"तुटायलाच पाहिजे. वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. तेव्हा कुणीतरी सोडून द्यायला नको? दोऱ्याला ते कळतं."

त्या वर्षी शाळेत नवी विज्ञान खोली बांधून झाली होती. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. माझी निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तीनंतर संस्थेच्या कारभारात मला एखादं पद मिळेल असं अध्यक्ष एकदा बोलून गेले होते. मी ते मनात धरून बसलो होतो. कार्यक्रम त्यांच्या लक्षात राहावा अशी माझी फार इच्छा होती. बाईंना मी म्हणालो, "पतंग नको. काहीतरी मोठं करा."

"मग वावडी करू," बाई म्हणाल्या.

वावडी म्हणजे माणसापेक्षा उंच पतंग. ती नववीच्या मुलींनी केली. वेळूच्या कामट्या, जाड खाकी कागद, खाली जुन्या लुगड्याची लांब शेपूट. किसनतात्या कामट्या तासून देत होते आणि तोंडही चालू होतं.

"बाई, हिला शेपूट कशाला? म्हशीला असतीय ती."

"तात्या, म्हशीची शेपूट माश्या हाकलायला. हिची शेपूट डोकं ठिकाणावर ठेवायला."

"मग आमच्या सरांना बी एक लावा की."

मुली खाली माना घालून हसल्या. मी दारातच उभा होतो. तात्यांनी मला बघितलं आणि कामटीला उगाच फुंकर मारली.

आदल्या आठवड्यात वावडी उडवून बघितली. ती वर गेली तेव्हा सगळी शाळा बाहेर आली होती. दोघांना धरायला लागावी अशी तिची ओढ. वारा अचानक वाढला, सुती दोरा ताणला गेला आणि तटकन तुटला. वावडी डुलत डुलत जाऊन उसात पडली. मुली धावल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र बाईंना गाठलं. "बाई, अध्यक्षांसमोर असं झालं तर?"

"तर त्यांनाही टाळ्या वाजवायला लावू. सर, तुटला म्हणून तर हे सोपं झालं. नाहीतर एवढ्या ओढीला पोरी फरफटल्या असत्या."

त्या हे मनापासून सांगत होत्या. मी मान हलवली, ऑफिसात गेलो आणि तात्यांना हाक मारली. तात्यांना सांगितलं, "न तुटणारा दोरा बघा. बाईंना बोलू नका, उगाच वाद घालतील."

तात्या डोकं खाजवत म्हणाले, "सर, तंगूस चालंल का? उजनीच्या पाण्यावर मासं धरायला वापरत्यात. हत्ती बांधला तरी तुटायचा न्हाय."

"चालेल."

तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक, बारीक दोरा. तात्या दुसऱ्या दिवशी धरणाच्या काठी जाऊन घेऊन आले. तो सगळ्या उंचीला पुरेल इतका नव्हता. म्हणून आम्ही, म्हणजे मी सांगितलं आणि तात्यांनी केलं, फिरकीवर आधी बाईंचा सुती दोरा तसाच ठेवला आणि वरून तंगूस गुंडाळला. त्यामुळं वावडीच्या बाजूला तंगूस आणि हाताच्या बाजूला सुती दोरा राहणार होता. त्यावर झाकण म्हणून थोडा सुती दोरा असाच गुंडाळून टाकला. हे सगळं मला फार हुशारीचं वाटलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी बाईंनी डस्टर झटकलं. धूळ रस्त्याकडं सरकली. "सर, आज जरा दक्षिणेचा आहे. दुपारनंतर उडवू."

"अध्यक्ष अकराला येणार."

"मग आज नको. वावडी खोलीतच दाखवू."

"बाई, पत्रिका वाटून झाल्यात."

मी त्यांना माइकवर उभं केलं, समजावून सांगायला. दोरा धरायला त्यांना जाऊच दिलं नाही. झाकणाचा दोरा तात्यांनी काढून टाकला, वावडीला तंगूस बांधला आणि दोन मोठ्या मुलांच्या मदतीनं तिला वर चढवलं. अध्यक्ष खुर्चीतून उठून बघू लागले. बाई बोलत होत्या, "ही आत्ता वर आहे, कारण..." बोलता बोलता त्या दोऱ्याजवळ गेल्या आणि सवयीनं त्यांनी त्याला बोट लावलं. त्यांचं वाक्य तुटलं. त्यांनी तात्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. माइक त्यांच्या हातातच होता, त्यामुळं पुढचं सगळ्या मैदानानं ऐकलं.

"तात्या, खाली घ्या. आत्ता खाली घ्या."

अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या हो बाई, छान चाललंय."

तात्या माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "राहू द्या."

पोरं दोरा सोडत गेली, तंगूस संपून त्यांच्या हातात सुती दोरा आला आणि थोड्याच वेळात वाऱ्याचा झोत आला. हाताजवळचा सुती दोरा तुटला, जसा तुटायला हवा तसा. वावडी डुलली, मागं सरकली, आणि मला वाटलं आता पडेल. पण तिच्यामागं तंगूस फरफटत गेला आणि मैदानाच्या कडेच्या बाभळीच्या खालच्या काट्यांत अडकला. आता वावडीला पुन्हा धरणारा मिळाला होता. ती सावरली आणि सरळ उभी राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनीही. टाळ्या न वाजवता एकट्या बाई रस्त्याकडं पळत होत्या. बाभळ रस्त्याच्या अलीकडं होती, वावडी पलीकडं, आणि मधून माणसाच्या तोंडाच्या उंचीवर तो दोरा गेला होता. तो कुणालाही दिसत नव्हता.

सोपानराव शेळगावचे. मोटरसायकलला किटल्या लावून रोज इंदापूरला दूध घालायचे. समोर काहीतरी चमकल्यासारखं झालं म्हणून त्यांनी उजवा हात तोंडापुढं धरला. त्या हातामुळं ते वाचले. हात मात्र तळव्यापासून उघडला गेला. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर दूध पसरलं होतं आणि बाई मांडी घालून त्यात बसल्या होत्या. त्यांनी आपला पदर फाडून सोपानरावांच्या मनगटाला आवळला होता आणि त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर उंच धरून ठेवला होता. रक्त त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. वावडी अजून वरच होती.

जखम भरली. पण आतल्या शिरा कापल्या गेल्या होत्या. बोटं मिटेनात. म्हशीची धार काढणं त्यांना पुन्हा कधी जमलं नाही.

संस्थेनं चौकशी केली. खोलीत संस्थेची चार माणसं, बाई, तात्या आणि मी. "नायलॉनचा दोरा आला कुठून?" असं विचारल्यावर तात्यांनी माझ्याकडं बघितलं. तात्यांचं सारं घर त्यांच्या नोकरीवर चालायचं. ते स्वतःहून माझं नाव घेणार नव्हते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कार्यक्रमाची जबाबदारी बाईंकडं होती."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

एक सदस्य म्हणाले, "घरचंच दुकान आहे म्हणे पतंगांचं. मग दोरा दुसरीकडून कशाला येईल?" दुसऱ्यानं मान डोलावली. त्या दुकानात तंगूस कधी ठेवत नाहीत हे मला माहीत होतं. बाईंनी ते शंभरदा सांगितलं होतं.

बाईंना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, त्या नुसत्या वाट बघत होत्या. वर्गात प्रश्न विचारला आणि पोराला उत्तर येत असूनही तो उठत नसला, की त्या तशाच बघायच्या. मग त्या म्हणाल्या, "वावडी माझी होती."

त्यांची बदली बारामतीच्या पलीकडं, सांगवीला झाली. जायच्या दिवशी विज्ञान खोलीच्या किल्ल्या द्यायला त्या ऑफिसात आल्या. मी खाली बघूनच किल्ल्या घेतल्या.

"सर, मी तात्यांचं नाव घेणार नव्हते. त्यांना सांगितलं, त्यांनी केलं. आणि तुमचं नाव तुम्ही घ्याल असं मला वाटलं होतं."

मी म्हणालो, "बाई, निवृत्तीला एवढे थोडे दिवस राहिलेत..."

"हो सर," त्या म्हणाल्या. जसं काही मी खरंच कारण दिलं होतं.

शाल, श्रीफळ घेऊन मी निवृत्त झालो आणि बावड्याला घरी परतलो. पद मिळालं नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं. तात्याही पुढं वारले. त्यांच्या आजारपणात भेटायला गेलो होतो, तर म्हणाले, "सर, सांगितलं का?" मी म्हणालो, "सांगतो." बाईंच्या भावाच्या दुकानाबद्दल बारामतीत बोललं जायचं, इथंच तो दोरा मिळतो म्हणून. त्यानं पतंग बंद केले आणि वह्या-पेनं ठेवली. सांगवीला बाई बल शिकवायच्या ते कागदाची पट्टी ओठांशी धरून, फुंकर मारून. त्यांनी पुन्हा पतंग हातात घेतला नाही, असं तिथल्या एका शिक्षकानं मला एका लग्नात सांगितलं. मी ताटातलं जेवण संपवलं.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. बातमी मला उशिरा मिळाली. बारामतीला जायला मी निघालोही, पण दारात कुणाच्या तोंडाकडं बघणार होतो? अर्ध्या वाटेत एसटीतून उतरलो. उतरलो ते शेळगावला. सोपानराव कुठं राहतात ते विचारलं.

ते ओट्यावर बसले होते. डाव्या हातानं कडबा सोडत होते. त्यांनी मला ओळखलं. "या सर. बसा." आत वळून चहा सांगितला. मी चहा यायची वाट बघितली नाही.

"सोपानराव, तो तंगूस मी आणवला होता. बाईंना माहीत नव्हतं. त्या खाली घ्या म्हणाल्या होत्या, मीच राहू द्या म्हणालो."

ते कडबा सोडतच राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय."

"बाईंनी सांगितलं?"

"न्हाय. त्या कशाच्या सांगत्यात? तात्यानं तंगूस माझ्याच मेव्हण्याकडनं नेला व्हता, धरणावरनं. शाळंला पायजे, सरांनी सांगितलंय, म्हनला. मी दवाखान्यात असतानाच मेव्हणा रडत आला व्हता."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलनार व्हतो. लई चिडलो व्हतो तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? आपल्या दुसऱ्या हातानं दगड घेऊन बावड्याला यायचं ठरवलं व्हतं. बाई म्हनल्या, न्हाय सोपानराव, सरांना स्वतः येऊ द्या. ते येतील. मानूस वाईट न्हाय, घाबरलाय."

चहा आला. मी कप उचलला आणि परत ठेवला.

सोपानराव मग सांगत होते आणि मी ऐकत होतो. बाई दर वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं शेळगावला यायच्या. हातात लांब वेळू, त्याच्या टोकाला विळ्याचं पातं बांधलेलं. रस्त्याकाठच्या बाभळींना, लिंबांना, कुंपणांना लोंबकळणारे पतंगांचे दोरे त्या एकेक करून खाली ओढायच्या. आदल्या दिवसाचा खेळ सगळा झाडांत राहिलेला असायचा. सोपानराव त्यांच्यामागं पोतं घेऊन चालायचे. उन्हं चढेपर्यंत शाळेच्या पुढपर्यंत जायचे दोघं. येणारी-जाणारी माणसं हसायची. कुणी म्हणायचं, बाईला पतंगाचं येड लागलं. त्यातली काही त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरं असायची.

"मी एकदा म्हनलो, बाई, तुमचं वय झालं, कशाला येता एवढ्या लांबनं? तर म्हनल्या, दुधाच्या गाड्या सकाळी ह्याच रस्त्यानं जात्यात."

"आणखी काय म्हणायच्या?"

सोपानरावांनी कडब्याची पेंढी बाजूला सारली. हे सांगावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"हितं आल्या की पोतं उचलायच्या आदी एकच इचारायच्या. सर येऊन गेले का? मी म्हनायचो, न्हाय बाई. त्या म्हनायच्या, बरं. आन् मग आमी चालाय लागायचो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

मी नंतर शाळेत गेलो. आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत, त्यांनी आदरानं बसवलं. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो की बाईंचं नाव साफ व्हावं, तसं संस्थेला कळवा. ते म्हणाले, "सर, आता बाई नाहीत, ते अध्यक्षही नाहीत. तुमचं वय झालंय. कशाला जुनं उकरून स्वतःला त्रास करून घेता?" त्यांचा हेतू चांगला होता. त्याच खुर्चीत बसून मीही एके काळी असंच बोललो असतो. म्हणून हे इथं लिहिलं. तुमच्यापैकी कुणी आमच्या रस्त्यानं कधी गेला आणि कुणी तुम्हाला पतंगवाल्या बाईची गोष्ट सांगितली, तर त्याला थांबवा आणि तो दोरा मुख्याध्यापकानं आणवला होता असं सांगा. बाईंच्या भावाला मी समोर बसून सांगून आलो. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि दुकानात जाऊन उभा राहिला.

या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी शेळगावला गेलो. आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. सोपानराव पोतं घेऊन रस्त्यावर आले होते. बाईंच्या भावानं तो वेळू त्यांच्याकडं पोचवला होता. माझ्या खांद्यात आता जोर नाही, त्यांच्या एका हाताला वेळू पेलत नाही. तेव्हा मी वेळूचं खालचं टोक धरलं, त्यांनी डाव्या हातानं वरून आधार दिला आणि असे आम्ही दोघं म्हातारे एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडं सरकत होतो. एक दोरा काढायला फार वेळ लागत होता. दुधाच्या गाड्या हॉर्न वाजवून बाजूनं जात होत्या.

शाळेच्या अलीकडं एका लिंबाच्या शेंड्याला एक दोरा अडकला होता. सोपानरावांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि पाठमोरेच मोठ्यानं म्हणाले, "बाई, त्यो बघा, वरच्या फांदीला."

मग ते वळले. मागं मी होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि पोत्याचं तोंड उगाचच पुन्हा बांधायला घेतलं.